चार मात्रांची मोकळी जागा : एका भजनाची सहा रूपं

मार्चच्या मध्यावर पारावर भजन मंडळाची बैठक बसली तेव्हा आम्ही सहा जण होतो. पाच जण साठीपुढचे आणि सहावी मी. मी इथल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते आणि आठ वर्षांपासून मंडळात पेटी वाजवते. गाव तिवसा तालुक्यातलं, गुरुकुंज मोझरी मोटरसायकलने अर्ध्या तासावर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा, यावलीचा. तो दिवस आमच्याकडे ग्रामजयंती म्हणून साजरा होतो. बैठकीचा विषय तोच होता, पण बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येत होतं.

"पोट्टे येत नाईत," झांजवाले मामाजी म्हणाले. "भजन म्हनजे म्हाताऱ्याइचं काम वाटते त्याइले."

पण गावातली पोरं गाण्याबाहेर नव्हती, हे मला शाळेमुळे ठाऊक होतं. भीमनगरात भीमगीतांची पार्टी आहे, तिचा ढोलकीवाला माझाच जुना विद्यार्थी. शेजारच्या वाडीत लग्नाची बँड पार्टी आहे. सातवी-आठवीच्या मुली दरवर्षी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी टिपऱ्यांवर म्हणतात. एक मुलगा नागपूरला इंजिनिअरिंग करतो आणि सुट्टीत गिटार घेऊन येतो. आणि एक डीजेवाला पोरगा आहे, ज्याच्या लॅपटॉपवर अख्ख्या पंचक्रोशीच्या वराती नाचतात. गाणं गावात भरपूर होतं. ते पारापर्यंत येत नव्हतं, एवढंच.

मी म्हटलं, एकच भजन सगळ्यांना देऊ. ज्याला जसं येतं तसं त्यानं वाजवावं, म्हणावं. अट एकच, शब्द बदलायचे नाहीत. भजन निवडायला वेळ लागला नाही, महाराजांचंच घेतलं. "या झोपडीत माझ्या" आमच्या गावात देव न मानणाऱ्यालाही पाठ आहे.

खंजिरीवाले काकाजी बराच वेळ गप्प होते. त्यांचं वय त्र्याहत्तर. शेवटी म्हणाले, "देऊन पाहा मॅडम. पन मले एक सांगा, डीजेवर वाजलं तरी थे भजनच राहीन का?"

ही नोंद त्या प्रश्नाची आहे. सव्वा महिन्याच्या तालमी, एक रात्र, आणि त्यानंतरचे काही महिने यांत मी जे पाहिलं आणि वहीत उतरवून ठेवलं, ते इथे मांडते. गावोगावच्या मंडळांना असाच प्रश्न पडत असणार, म्हणून तपशील गाळलेला नाही.

गाण्याचा कणा

गाणं दुसऱ्याच्या हाती द्यायचं तर त्यातलं काय हलवता येतं आणि काय नाही, हे आधी आपल्याला कळायला हवं. म्हणून मी दोन रात्री वही घेऊन बसले.

राजास जी महाली, सौख्ये कधी मिळाली,
ती सर्व प्राप्त झाली, या झोपडीत माझ्या.

प्रत्येक कडव्यात तीन छोट्या ओळी एकाच यमकाच्या. महाली, मिळाली, झाली. चौथी ओळ मात्र सगळ्या कडव्यांत तीच. तीन ओळी माणसाला हिंडवून आणतात आणि चौथी घरी पोचवते. गाणाऱ्याचं सगळं कसब त्या पोचण्यात आहे.

आता वजन पाहा. "राजास जी महाली" म्हणजे गागाल गालगागा (गा म्हणजे गुरू, दोन मात्रांचं लांब अक्षर; ल म्हणजे लघु, एका मात्रेचं). आनंदकंद वृत्ताचा हा अर्धा चरण. अमरावतीच्या सुरेश भटांची "केव्हातरी पहाटे" ही गझल याच वृत्तातली, आणि इक्बालांनी १९०४ साली लिहिलेलं "सारे जहाँ से अच्छा" हेही याच वजनाचं. पाचवीच्या पोरांना मी हे सांगितलं नव्हतं. परिपाठाच्या वेळी एकाने गंमत म्हणून "राजास जी महाली" "सारे जहाँ"च्या चालीवर म्हटलं आणि सगळा वर्ग त्याच्यामागे गेला. एक अक्षर बाहेर राहिलं नाही. चाल काढून घेतली तरी शब्द स्वतःच्या पायांवर उभे राहतात, असं हे गाणं आहे. त्यामुळेच ते एका ढंगातून दुसऱ्यात नेता येतं. ज्या गाण्याचे शब्द चालीच्या कुबड्यांवर चालतात, त्याचं दुसऱ्या ढंगात काही उरत नाही.

दोन ठिकाणी मात्र अडतं. "महाली मऊ बिछाने" छापलंय तसं वाचलं तर सुरुवातीला एक लघु जास्त होतो. पण आमच्याकडे "महाली" कोणी म्हणतच नाही, "म्हाली" म्हणतात, आणि ओळ काट्यावर तोलल्यासारखी बसते. महाराजांच्या कानात हीच बोली असणार, असं मला मनापासून वाटतं. "पहारे आणि तिजोऱ्या" ही ओळ मात्र "प्हारे" म्हटलं तरी नीट बसत नाही. मात्रा बारा होतात, पण लघु-गुरूंचा क्रम सरकतो. भजनात ते खपून जातं. पुढे टिपऱ्यांवर ते उघडं पडलं.

मात्रांचा हिशोब यापुढचा, आणि या प्रकरणाचं सगळं मर्म त्यातच आहे. एका ओळीच्या मात्रा बारा. आमचं मंडळ हे भजन केरव्यात म्हणतं, म्हणजे आठ मात्रांच्या ठेक्यात. दोन आवर्तनं म्हणजे सोळा. बारा मात्रांत ओळ संपते आणि चार उरतात. दर ओळीनंतर चार मात्रांची मोकळी जागा.

त्या जागेत काकाजींची खंजिरी बोलते. मी आठ वर्षं त्यांच्या शेजारी बसत आले, पण ते नेमकं काय करतात हे पहिल्यांदा त्या मार्चमध्ये नीट पाहिलं. ओळ चालू असताना ते थाप देतात, साधी, ठेक्यापुरती. ओळ संपली की थाप थांबते. उजव्या हाताची तीन बोटं कातड्यावर भिरभिरतात, डाव्या हाताचं मनगट किंचित हलतं, आणि फक्त कडेच्या झांजांची किणकिण ऐकू येते. चौथ्या मात्रेवर एकच भरीव थाप, आणि पुढची ओळ. उन्हाळ्यात कातडं ताणून आवाज वर चढतो, म्हणून मांडीशी ओलं फडकं ठेवलेलं असतं. दोन भजनांच्या मध्ये ते खंजिरी त्यावर उपडी करून ठेवतात.

मी विचारलं, काकाजी, तिथे थाप का थांबवता?

"ओळ आयकली की मानसाले जराक इचार करू द्या लागते," ते म्हणाले. "आपनच बडवत बसलो त थो इचार कवा करन?"

बँड

एप्रिल म्हणजे लग्नाचा मोसम, त्यामुळे बँडवाल्यांकडून दोनच दुपारी मिळाल्या. पहिली दुपार सुरात गेली. आमचं मंडळ काळी तीनमध्ये म्हणतं, म्हणजे पेटीची तिसरी काळी पट्टी "सा" धरून. बँडचे क्लॅरिनेट आणि ट्रंपेट बी फ्लॅटचे, म्हणजे पेटीवरची काळी पाच. त्यांना काळी तीनमध्ये वाजवणं म्हणजे बोटांची कसरत. मास्तर म्हणाले, "मॅडम, काळी दोन करा, मंग पाहा." आम्ही खाली उतरलो, आणि म्हाताऱ्या गळ्यांनाही तेच सोपं गेलं. तेव्हापासून मंडळाने काळी दोनच धरली आहे. आमच्या गळ्यांना कुठला सूर मानवतो हे बँडमुळे कळलं.

खेड्यातला बँड हा आपल्याकडचा सगळ्यात जुना कव्हर करणारा, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या ढंगात वाजवणारा, कलाकार आहे, आणि त्याला त्याचं श्रेय कोणी देत नाही, याचं मला वाईट वाटतं. यांच्यापैकी कोणाला नोटेशन वाचता येत नाही. गाणं मोबाइलवर चार वेळा ऐकायचं, क्लॅरिनेटने चाल धरायची, युफोनियमने खालचा सूर, साइड ड्रमने ठेका, आणि दुसऱ्या दिवशी वरातीत. २०१६ साली "झिंगाट" आलं तेव्हा यांनी ते एका रात्रीत बसवलं होतं. २०१८ मध्ये त्याचंच हिंदी रूप दुसऱ्या सिनेमात आलं. बँडला काहीच बदलावं लागलं नाही, कारण बँड शब्द वाजवत नाही.

मला भीती हीच होती. शब्दांवाचून हे भजन काय उरणार? मास्तरांनी तीन ओळी एकट्या क्लॅरिनेटवर ठेवल्या, अगदी बारीक आवाजात, आणि चौथ्या ओळीला सगळी वाद्यं एकदम घेतली. मोकळ्या चार मात्रांत साइड ड्रमच्या काड्यांची फक्त थरथर. कार्यक्रमाच्या रात्री दुसऱ्या कडव्यापासून बायकांच्या बाजूला ओठ हलताना दिसले. तिसऱ्या कडव्याला अख्खं पटांगण गुणगुणत होतं. मंचावर शब्द नव्हते, पण गाणं पूर्ण होतं, कारण ओळीची लांबी, थांबा आणि चौथ्या ओळीचं येणं, तिन्ही जागच्या जागी होतं. शब्द लोकांनी आपले आपण घातले.

कव्वाली

याबद्दल मला जास्त लिहायचं आहे.

भीमगीतं ही विदर्भातली फार मोठी गायनपरंपरा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, आणि त्यानंतर गावोगावच्या भीमनगरांत गाणं हेच शिक्षणाचं एक साधन झालं. आमच्या इथली पार्टी कव्वालीच्या ढंगात गाते. पेटी, ढोलकी, बेंजो, आणि मागे चार जण टाळ्यांना. त्यांचं रोजचं काम म्हणजे कव्हरची उलटी बाजू. चाल लोकांच्या ओठावरची घ्यायची आणि शब्द स्वतःचे घालायचे. महाराजांच्या भजनांच्या पुस्तकांतही भजनावर "तर्ज" म्हणून कुठल्या चालीवर म्हणायचं ते छापलेलं असतं. म्हणजे गावाच्या दोन टोकांना दोन मंडळ्या एकच कसब वापरत होत्या, पण माझ्या आठ वर्षांत त्या एका मंचावर बसल्या नव्हत्या.

पार्टीच्या मुख्य गायकांकडे मी गेले तेव्हा ते गोठ्यात होते. ऐकून घेतलं, हात धुतले, आणि म्हणाले, "म्हनू ना मॅडम. पन आमच्या पद्धतीनं. पयलं आमचं वंदन होईन, मंग तुमचं भजन." मंडळात एकाने कुरकुर केली. काकाजी म्हणाले, "वंदन त्याइचं, थे त्याइनं कराव. त्यात आपल्याले काय इचारायचं?" विषय तिथेच संपला.

कव्वालीत तीच चार मात्रांची जागा टाळ्यांनी आणि पुनरुक्तीने भरते. भजनात तिथे विसावा मिळतो, कव्वालीत तिथे दाब वाढतो. गायक तिसरी ओळ म्हणतो आणि चौथीवर जात नाही. पुन्हा तिसरी. पुन्हा तिसरी, स्वर चढवून. ऐकणाऱ्याला चौथी ओळ माहीत आहे, ती जिभेवर आली आहे, पण गायक ती देत नाही. मग देतो, आणि सगळं पटांगण सुटतं. तीन ओळी एका यमकाच्या आणि चौथी घरी आणणारी, ही घडण कव्वालीला इतकी मानवते की जणू त्यासाठीच केली होती.

पण मला सांगायचंय ते यापुढचं. भजनात एक कडवं आहे:

जाता तया महाला, मज्जाव शब्द आला,
भीती न यावयाला, या झोपडीत माझ्या.

आमचं मंडळ हे कडवं इतरांसारखंच म्हणतं. महालाच्या दारावर पहारेकरी उभा आहे, एवढंच चित्र माझ्याही डोळ्यांसमोर असायचं. त्या रात्री गायक "मज्जाव"वर थांबले. पेटी थांबवली, ढोलकी थांबवली. नुसत्या आवाजात "मज्जाव" म्हटलं. पुन्हा म्हटलं. सात वेळा, दर वेळी थोडं हळू. ज्यांच्या आज्या-पणज्यांना विहिरीवर, देवळाच्या पायरीवर हाच शब्द ऐकावा लागला, त्यांच्या तोंडून तो येत होता. पटांगणात साडेतीनशे माणसं असतील. लहान पोरंसुद्धा गप्प होती. मी पेटीवर नव्हते, खाली बसले होते, आणि माझ्या अंगावर काटा आला होता. मग "भीती न यावयाला" ही ओळ पूर्ण ताकदीने, टाळ्यांसकट आली.

आठ वर्षं मी ज्या शब्दावरून बोटं फिरवत गेले, तो शब्द मला त्या रात्री कळला. भजनाचं एक अक्षर बदललं नव्हतं. त्यामुळे गाणं दुसऱ्या ढंगात नेलं की त्याचा फक्त पोशाख बदलतो, असं आता कोणी म्हटलं तर मला पटत नाही. इथे गाण्याच्या आतली एक बंद खोली उघडली. ती उघडायला दुसऱ्या घरची किल्ली लागली.

टिपऱ्या आणि गिटार

मुलींनी भुलाबाईच्या गाण्यांसारखा सहा मात्रांचा ठेका घेतला. बारा मात्रांची ओळ दोन आवर्तनांत चपखल बसते, शिल्लक शून्य. तीच अडचण झाली. मोकळी जागाच नाही, त्यामुळे ओळीमागून ओळ धावायला लागली आणि मुलींना दम घ्यायला वाव उरला नाही. "पहारे आणि तिजोऱ्या"ला टिपरी एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, असं तीन तालमींत झालं. शेवटी प्रत्येक कडव्यानंतर शब्दांवाचून एक गिरकी घातली, तेव्हा कुठे श्वास मिळाला. दिसायला फार सुंदर झालं, पण गाणं घाईत राहिलं. माझी चूक अशी की ठेका मी ठरवला, मुलींना ठरवू दिला नाही.

गिटारवाल्या मुलाचं काम छोटं आणि नेमकं होतं. आपल्या चालींना पाश्चात्त्य पद्धतीची स्वरसंगती नसते, त्यामुळे कॉर्ड कुठे बदलायचा हा प्रश्न येतो. त्याने तीन ओळी एकाच कॉर्डवर धरून ठेवल्या आणि चौथ्या ओळीवरच बदलला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, त्याला ते आपसूक सापडलं. तो मला लेनर्ड कोहेन यांच्या "हॅलेलूया"बद्दल सांगत होता. मूळ ध्वनिमुद्रण १९८४ चं, तेव्हा फारसं कोणी ऐकलं नाही. १९९१ मध्ये जॉन केल यांनी ते पियानोवर गायलं, १९९४ मध्ये जेफ बक्ली यांनी गिटारवर, आणि मग ते जगभर गेलं. मला त्याचं हे सांगणं आवडलं. त्याच्या मनात आमचं भजन आणि ते गाणं एका पंक्तीला बसलं होतं.

डीजे

डीजेवाल्या पोराबद्दल गावात बरंच उणंदुणं बोललं गेलं. मला त्याच्याशी न्यायाने वागायचं आहे. मेहनत त्यानेही केली होती.

तांत्रिक बाजूने त्याला काही अडचण नव्हती. सोळा मात्रा म्हणजे त्याच्या चार-चारच्या ठेक्याची चार घरं. आमचं भजन मिनिटाला ऐंशी ठोक्यांच्या आसपास चालतं, त्याने ते एकशे अठ्ठावीसवर नेलं. तेही चाललं असतं. लय वाढली म्हणून गाणं मरत नाही, दिंडीतल्या पावलीला लय किती चढते हे आपण पाहतोच. त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. चौथी ओळ तेवढी कापून घेतली आणि तीच फिरवत ठेवली. आणि मोकळ्या चार मात्रांत चढत जाणारा आवाज टाकून शेवटी दणका दिला.

पोरं नाचली, खूप नाचली. मागच्या रांगेतली म्हातारी माणसं उठून गेली. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात, म्हणून पावणेदहाला थांबवलं. म्हाताऱ्यांना उठवलं ते आवाजाने, असं बहुतेकांना वाटलं. मला तसं वाटत नाही. त्याच पटांगणात तासाभरापूर्वी बँड कानाशी वाजला होता, तेव्हा कोणी उठलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकाजींकडे गेले. ते खंजिरीच्या कडेला तेल लावत होते. रागावलेले नव्हते. म्हणाले, "थ्या पोट्ट्यानं उत्तर वाजवलं मॅडम, प्रश्नच नाई वाजवला. राजाचा म्हालच नाई दिसला, मंग झोपडी कायची चांगली?"

मी घरी येऊन वहीत त्यांचं वाक्य तसंच लिहिलं. बँडने शब्द टाकले पण ओळींची रचना ठेवली, तर गाणं राहिलं. याने शब्द ठेवले, पण चार ओळींपैकी एकच. महाल गेला, पहारे गेले, मज्जाव गेला, आणि "या झोपडीत माझ्या" चाळीस वेळा वाजलं. शिवाय विचार करायची चार मात्रांची जागाही दणक्याने भरली.

कार्यक्रमाची रचना ही माझी चूक होती. डीजे मी शेवटी ठेवला. मध्ये ठेवला असता तर त्यानंतर भजनाने लोकांना परत आणलं असतं, आणि तो पोरगा आपल्यामुळे माणसं उठून गेली हे मनात घेऊन घरी गेला नसता.

कायद्याचा भाग

त्याने ते रूप दोन दिवसांनी ऑनलाइन टाकलं आणि आठवड्यात एका ध्वनिमुद्रण कंपनीचा दावा आला. पोरगा घाबरून माझ्याकडे आला. मी तालुक्याच्या ठिकाणी एका वकिलांना विचारलं, कायद्याची प्रत वाचली, आणि जे समजलं ते मंडळांच्या उपयोगाचं आहे.

आमच्या कार्यक्रमाला तिकीट नव्हतं. हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर गाणं म्हटलं, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ त्याला सूट देतं. लग्नाच्या वरातीतल्या बँडलाही त्याच कलमात सूट आहे. पण ही सूट त्या जागेपुरती. तेच ऑनलाइन टाकलं की ती लागू होत नाही.

लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. महाराजांचं महानिर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चं, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत. "जुनं भजन आहे, कोणाचंही आहे" हा आपला समज तोवर चुकीचा.

कव्हरचं ध्वनिमुद्रण काढायचं असेल, तर २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३१ सी आहे. मूळ गाण्याचं पहिलं ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं, त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं थांबायचं, आणि वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींचं मानधन आगाऊ भरायचं. खेड्यातल्या मंडळाला ते झेपणारं नाही. शिवाय मालकाच्या संमतीशिवाय मूळ कृतीत, ध्वनिमुद्रणाच्या तांत्रिक गरजेपलीकडे, बदल करता येत नाही. म्हणजे केरव्यातलं कव्वालीत नेण्याआधीसुद्धा विचारलेलं बरं.

पण आमच्या पोराची गोष्ट याहून साधी होती. त्याने कव्हर केलंच नव्हतं. जुन्या कॅसेटमधल्या गायकाचा आवाज उचलून आपल्या ठेक्यावर ठेवला होता. त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनापासून साठ वर्षं चालतो. आपण स्वतः गाणं आणि वाजवणं म्हणजे कव्हर. दुसऱ्याचा आवाज कापून वापरणं हे वेगळं काम, आणि त्याला त्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाची परवानगी लागते. त्याने ते काढून टाकलं. शब्दांसाठी योग्य ठिकाणी लेखी परवानगी मागायचा अर्ज मी आणि त्याने मिळून लिहिला.

त्यानंतर

मंडळात तीन मुलं खंजिरी शिकायला आली. दोन महिन्यांनी एकच उरला आहे, आठवीतला, आणि त्याचा हात चांगला आहे. भीमनगरच्या पार्टीचे ढोलकीवाले आता गुरुवारच्या भजनाला अधूनमधून येऊन बसतात. त्या रात्रीनंतर "मज्जाव"चं कडवं आमचं मंडळ आधीसारखं सरसकट म्हणत नाही. तिथे सगळे आपोआप थांबतात. कोणी ठरवलेलं नाही.

डीजेवाला पोरगा पावसाळ्यात एकदा काकाजींच्या घरी गेला. मीच पाठवलं होतं, पण आत जायचं धाडस त्याचं. नवं रूप करायचं होतं, सगळ्या ओळींचं, गावातल्याच गळ्यांचं. चार मात्रांची जागा त्याने रिकामी ठेवली होती आणि तिथे काय टाकावं हे त्याला सुचत नव्हतं. काकाजींनी कानाला हेडफोन लावून पूर्ण ऐकलं. म्हणाले, "हे इथं मले वाजवू दे."

माझ्या घरच्या मागच्या खोलीत ध्वनिमुद्रण केलं. दारं-खिडक्या बंद, भिंतीला गोधड्या टांगलेल्या. बाहेर पाऊस, त्यामुळे कातडं सैल पडलं होतं, मी ते चुलीपुढे धरून आणलं. लॅपटॉपमधून ठोक्याचा आवाज काकाजींच्या कानात सोडलेला होता. पहिल्या वेळी ते ठोक्याच्या पुढे गेले. दुसऱ्या वेळी मागे राहिले. अकरा वेळा केलं. दर वेळी चौथ्या मात्रेवरची ती भरीव थाप ठोक्याच्या केसभर नंतर पडायची, अगदी दर वेळी तेवढीच.

बाराव्या वेळी पोराने हात पुढे करून ठोका बंद केला आणि म्हणाला, "काकाजी, तुमी वाजवा. ठेका मी तुमच्यामागं सरकवतो."